'ळ'चा ड्रायव्हर

संपादकांनी लेख मागितला तो 'संगणक आणि उद्याचं जग' या विषयावर. मी नाही म्हटलं. उद्याच्या जगावर लिहायला पुष्कळ लोक बसले आहेत, आणि त्यातले बरेचसे काल यंत्र विकत घेतलेल्या माणसाचा फोन उचलत नाहीत. मी त्या कालच्या यंत्रांचं काम करते. ज्यांची कंपनी बुडाली, ज्यांची पुस्तकं हरवली, ज्यांचं नाव काढलं की दुकानदार हसून म्हणतो, "मैडम, कबाड़ में दे दो," अशी यंत्रं. लिहायचं तर त्यांच्याबद्दलच लिहीन, आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला ते चालत नसेल तर तोंडावर सांगा, असं मी कळवलं. त्यांनी चालेल म्हटलं. आता वाचा.

आमचं घर दुर्गला, मोहन नगरात. वडील रेल्वेत गार्ड. घरात बोलणं नागपूरकडचं, रस्त्यावर हिंदी. कॉलेजात आमचा मुलींचा एक गट पत्रकं काढायचा. वस्तीतल्या नळासाठी, बसथांब्यावरच्या दिव्यासाठी, मुलींच्या वसतिगृहाच्या गळक्या छतासाठी. मराठी घरांत वाटायची पत्रकं माझ्या वाट्याला. लिहायला मी तिथे शिकले. मोठं अक्षर, छोटं वाक्य, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचा हुद्दा पहिल्या ओळीत. एकदा छापखानेवाल्याने आमचं पत्रक छापायला नकार दिला. "ये सब झमेला हमारे यहाँ नहीं," म्हणाला. म्हणून मी नेहरू नगरातल्या एका कंप्युटरच्या दुकानात जाऊन बसले आणि पत्रक स्वतः छापून काढलं. तिथल्या मालकांना गिऱ्हाइकांशी बोलायला एक मुलगी हवी होती. त्यांनी मला ठेवून घेतलं. बोलायला ठेवलेल्या मुलीने महिन्याभरात यंत्राचं झाकण उघडलं, ते आजतागायत बंद केलेलं नाही.

बाहेर दुरुस्तीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "इंजीनियर साब कब आएँगे?" माझं उत्तरही ठरलेलं. "आ गए."

हे काम काय असतं ते भिलाईच्या माणसाला समजावणं सोपं आहे. पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा रशियन इंजिनियर यायचे. त्यांना आपली भाषा येईना, आपल्या फोरमनला त्यांची. मध्ये दुभाष्या उभा. ज्यांच्या घरात त्या पिढीचं कोणी आहे त्यांनी हे किस्से ऐकलेत. यंत्राच्या आतही तसंच असतं. सगळ्यांना कामाला लावणारा एक साहेब, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. प्रिंटर, पडदा, डिस्क हे कामगार. साहेबाला प्रिंटरची बोली कळत नाही, प्रिंटरला साहेबाची. मधला जो दुभाष्या, तो ड्रायव्हर. तो नसला तर दोघंही धडधाकट, दोघंही हुशार, आणि काम शून्य.

आता समजा, त्या साहेबाची भाषा बोलणारेच उरले नाहीत. बाजारात सगळीकडे डॉस आणि विंडोज. नवा प्रिंटर आणला तर त्याच्या खोक्यात दुभाष्या असतो, पण तो डॉसची भाषा बोलणारा. आमचा साहेब युनिक्सच्या दूरच्या भावकीतला, त्याची कंपनी मोडीत निघालेली. कंपनी मोडते तेव्हा गिऱ्हाइकाला कोणी साधं कळवतही नाही. एक दिवस फोन लागत नाही, एवढंच. आणि दोष कोणाला? ज्याने विश्वासाने घेतलं त्याला! "तुम्ही ते घेतलंच कशाला?" हे म्हणजे घरफोडी झालेल्याला विचारायचं, की तू घर बांधलंसच कशाला. मला या वाक्याचा इतका राग आहे, की निम्मी यंत्रं मी त्या रागावरच चालू केली असतील.

ड्रायव्हर या शब्दाने एकदा गंमतही केली. एका लोखंडी कामाच्या कारखान्यात मी चिठ्ठी लिहून आले, की प्रिंटर चांगला आहे, फक्त ड्रायव्हर पाहिजे. दुसऱ्या दिवशी गेले तर प्रिंटरशेजारी स्टुलावर एक गृहस्थ बसलेले, खिशात लायसन. सकाळपासून बसवून ठेवलं होतं बिचाऱ्यांना. मला म्हणाले, "मैडम, हेवी का भी लाइसेंस है। गाड़ी कौन सी है?" मी प्रिंटर दाखवला. त्यांनी त्याच्याकडे सगळीकडून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "इसका तो स्टेरिंगच नहीं है।"

असो. सांगायची आहे ती गोष्ट भिलाईच्या सेक्टर ६ मधली.

तिथे मुलींसाठी रुग्णसेवेचे वर्ग चालतात. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण संस्था चांगली आहे आणि मला तिच्यावर पत्रक काढायचं नाही. कोणा हितचिंतकाने त्यांना एक यंत्र दिलेलं. एक मोठा डबा आणि त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे पडदे. हजेरी, निकाल, ओळखपत्रं, प्रमाणपत्रं, सगळं हिंदीत, सगळं त्यावर. जुन्या प्रिंटरच्या पोटातच हिंदी अक्षरं होती. तो झिजून बंद पडला, संस्थेने नवा घेतला, आणि नव्याला आमचा साहेब ओळखच दाखवेना. तेव्हा मला बोलावलं.

सचिव होते ठोंबरे साहेब. प्लांटच्या इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. बूट असे चकचकीत, की त्यात पंखा दिसावा.

"तुम्ही? मी इंजिनियर पाठवा म्हटलं होतं."

"पाठवलाय. आत बसू का?"

ते बाजूला झाले. पडद्यासमोर बसली होती फुलेश्वरी, दुर्गजवळच्या गावातली ऑपरेटर. ती मात्र तोंडाला पदर लावून हसली, आणि त्या क्षणापासून आमची दोस्ती.

मी झाकण उघडलं. साहेबाला हाक मारायला आत खोचलेल्या प्रत्येक कार्डाला यंत्रात एक तार नेमून दिलेली असते. नव्या प्रिंटरचं कार्ड आणि पडद्यांचं कार्ड एकाच तारेवर बसलं होतं. परिणाम असा, की फुलेश्वरीने कळ दाबली की प्रिंटर खोकायचा, आणि प्रिंटर चालला की शेजारचे पडदे मुके. पडद्यांच्या कार्डाची तार बदलता येत नव्हती, ती त्या बुडालेल्या कंपनीने आत कायमची ठरवून ठेवलेली. म्हणून मी प्रिंटरची बदलली. बोटाच्या नखाएवढी एक काळी टोपी असते कार्डावर, ती या दोन काड्यांवरून काढून त्या दोन काड्यांवर घालायची. ते सोपं. अवघड हे, की साहेबालाही ते पटवायचं. त्यासाठी सिस्टीमचा गाभाच पुन्हा बांधावा लागतो, आणि तो चुकला तर यंत्र उठतच नाही. मी फुलेश्वरीला म्हटलं, चहा सांग. चहा येईपर्यंत गाभा बांधून झाला, यंत्र उठलं, आणि प्रिंटरने इंग्रजीत एक ओळ छापली. हिंदी अक्षरांची चित्रं मी नव्या प्रिंटरच्या डॉसवाल्या फ्लॉपीतून उपसून काढली आणि आमच्या साहेबाला समजतील अशी लावून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं प्रमाणपत्र बाहेर आलं. फुलेश्वरीने टाळी वाजवली. ठोंबरे साहेब म्हणाले, "झालं म्हणायचं काम."

तेवढ्यात दारातून एक मुलगी आत आली. उंच, सडपातळ, वेणी घट्ट. हातात जुन्या प्रिंटरवर छापलेलं प्रमाणपत्र. तिने ते टेबलावर ठेवलं.

"हे घ्या साहेब. मले नाई पायजे."

"अगं, पास झालीस ना तू? पहिल्या वर्गात!"

"मी झाली. हे नाव झालं नाई."

मी कागद उचलून वाचला. 'कुमारी रजनी साली.'

मुलगी होती रजनी साळी. दुर्ग लाइनीवरच्या रेल्वे कामगाराची लेक, शाळा तुमसरला मामाकडे झालेली. या यंत्राच्या हिंदी अक्षरांत ळ नव्हताच. म्हणून काळे असेल त्याचे काले, मुळे असेल त्याचे मुले. ते लोक चालवून घ्यायचे. पण साळी! महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगते, हिंदीत साली म्हणजे बायकोची बहीण, आणि रस्त्यावर ती शिवी. हजेरीच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी छापलेलं वाचलं आणि वर्ग खदखदला. त्यानंतर दोन वर्षं ही मुलगी त्या हसण्यात शिकली.

"वार्डात वार्डबॉयपासून सगळे," ती मला म्हणाली. "ए साली, पट्टी आण. ए साली, बेड बदल. चिडली का म्हणतात, कागदावरच तसं हाये, आमी काय करू."

"मी हाताने दुरुस्त करून बाजूला सही देतो," ठोंबरे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, ते मान्य करते.

"साहेब, गुरवारी नागपूरले मुलाखत हाये. दवाखान्याची पक्की नोकरी हाये. शाळेच्या दाखल्यावर साळी, याच्यावर साली. माह्या मामेबहिणीले असंच परत पाठवलं त्याइनं. अन् हातानं खोडलेला कागद घेऊन गेली तर मलेच चोर समजतीन."

गाडी बुधवारी संध्याकाळी होती. तो दिवस होता मंगळवार.

मी म्हटलं, "साहेब, काम झालेलं नाही. यात ळ घालायचा आहे."

"अहो, हिंदीत ळ नाहीच!"

"माणसांत आहे."

"मॅडम, परवा कार्यक्रम आहे, सगळी प्रमाणपत्रं छापायची आहेत. यंत्र आत्ता कुठे चालायला लागलं. उद्या तुमच्या ळपायी पुन्हा बसलं तर?" मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि खरं सांगा, आपल्या लोकांत तरी ळ कोण म्हणतं? माझी आई जन्मभर डोयाच म्हणाली. केयं, गूय, कायं. तुमच्या घरी काय म्हणतात?"

आमच्या घरी वरणात गूय पडतो आणि नयाले पाणी येतं. मी पत्रकात 'नळ' लिहायची आणि आई ते वाचून म्हणायची, "नयाचं चांगलं लिवलं वं." ठोंबरे साहेबांनी मला बरोबर पकडलं होतं.

पण रजनी गप्प बसली नाही.

"साहेब, माही आजी मले सायीची पोरगी म्हणते. तिले चालते. तिच्या तोंडात दात नाई अन् ळ बी नाई. पन कागद कावून बोबडा पायजे?"

फुलेश्वरीला मराठी अर्धवट कळते, पण तीसुद्धा हसली. ठोंबरे साहेबही हसले, आणि मग घड्याळ न बघता म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत. यंत्र बसलं तर मात्र तुम्ही आणि मी."

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकोनी आखलेला कागद पसरला. प्रिंटर अक्षर म्हणजे ठिपके समजतो. प्रत्येक चौकोन एक ठिपका, काळा किंवा पांढरा. त्यात ळ बसवायचा. आम्ही पत्रकाच्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरायचो, म्हणून माझा हात बसलेला होता. दोन गोल, मध्ये जोड, वर रेघ. आई पोळ्या लाटता लाटता डोकावली.

"हे काय वं? कोनाचे डोये काढून राहिली?"

"डोये नाही आई. ळ आहे."

"तेच तं. दोन डोये दिसून राहिले." मग तिने सगळी हकीकत विचारून घेतली आणि लाटणं थांबवून म्हणाली, "सायीच्या पोरीले साली म्हणतात? आन् तू जेवाले बसून राहिली? काढ आधी!"

मी जेवायला बसलेच नव्हते, पण आईशी वाद कोण घालणार.

सकाळी ठिपके आकड्यांत बदलून यंत्रात भरले. अडचण एक होती. अक्षर छापणं माझ्या हातात होतं, पण पडद्यावरची अक्षरं एका चिपमध्ये गोठलेली, तिथे ळ उमटवणं अशक्य. आणि कळफलकावर तर ळची कळच नाही. म्हणून मी एक चिन्ह उसनं घेतलं. इंग्रजी कळांत उभ्या दोन आणि आडव्या दोन रेघांची ती जाळी असते ना, नंबरसाठी वापरतात, तीच. पडद्यावर 'सा', मग जाळी, मग वेलांटी. माझा दुभाष्या मध्ये उभा. जाळी दिसली की त्याने प्रिंटरला ळचे ठिपके सांगायचे.

ठोंबरे साहेबांनी पडदा पाहिला आणि त्यांचे कान लाल झाले. "हे काय? साली परवडली! यात तर काटेरी कुंपण घातलंय मुलीच्या नावात!"

"पडद्याकडे नका बघू साहेब. कागदाकडे बघा."

आधी वर्गाची यादी छापायला सोडली. प्रिंटर चिरचिरला. कागद वर आला. 'कुमारी रजनी साळी.' फुलेश्वरीने तो फाडून घेतला, खालीवर पाहिला आणि किंचाळली.

"दीदी! जम्मो के रोल नंबर मा चश्मा लग गे!"

खरंच, सगळ्यांच्या रोल नंबरांना चष्मा लागला होता. बुडालेल्या कंपनीच्या लोकांनी फुलेश्वरीला शिकवून ठेवलं होतं, की नंबर लिहायचा तर आकड्याआधी ती जाळी टाकायची. माझ्या दुभाष्याने प्रामाणिकपणे प्रत्येक जाळीचा ळ केला. रोल ळ१२. क्वार्टर ळ४. सगळ्या यादीवर चष्मेच चष्मे. ठोंबरे साहेब खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

दुसरं चिन्ह शोधावं तर सगळी चिन्हं कशाला ना कशाला लावून ठेवलेली. मी खुर्चीत टेकले आणि मनातल्या मनात ळचे शब्द म्हणून बघू लागले. बाळ, काळजी, पळस, मुळे, वेळ, टिळा. म्हणता म्हणता उठून बसले. ळ शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही! मराठीत ळने सुरू होणारा एक शब्द आठवून दाखवा. ओळीत कितीही मागे उभा राहील, पण पहिला उभा राहणार नाही हे अक्षर. आणि नंबरची जाळी नेमकी नेहमी सुरुवातीलाच, मागे मोकळी जागा सोडून. दुभाष्याला एवढंच सांगायचं होतं: मागे अक्षर चिकटलेलं असेल तर ळ, नसेल तर जाळीची जाळीच. एका ओळीचं काम. जे आमच्या भाषेने शेकडो वर्षं पाळलं, ते त्या परक्या साहेबाने मुकाट्याने पाळलं. चष्मे गेले. साळी राहिली.

रजनीचं प्रमाणपत्र छापून मी ठोंबरे साहेबांपुढे ठेवलं. आता सही करतील असं वाटलं होतं. त्यांनी खणातून भिंग काढलं.

"हा ळ जाड झालाय."

"काय?"

"बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आहे. उठून दिसतो."

माझं डोकं सणकलं. दोन वर्षं त्या मुलीचं नाव चुकीचं छापलं तेव्हा कोणाला भिंग सापडलं नाही! मी म्हटलं, "उठून दिसू द्या साहेब. दिसलाच पाहिजे. कळू दे सगळ्यांना, की इथे ळ होता आणि तो कोणी खाल्ला होता."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "चिडू नका. मी आयुष्यभर प्लेटी तपासल्या. तपासणारा माणूस सगळं वाचत नाही, जे वेगळं दिसतं तिथे थांबतो. नागपूरचा बाबू या ळवर थांबेल. म्हणेल, एकच अक्षर गडद कसं? मागून घातलंय. मग काय सांगेल ही?"

मी भिंगातून पाहिलं. माझा ळ खरंच ओरडत होता. पत्रकाचं अक्षर होतं ते. लांबून दिसावं, भिंतीवरून बोलावं म्हणून मी तसंच अक्षर काढायला शिकले होते, आणि हाताने तेच केलं होतं. इथे मात्र त्याने शेजारच्या अक्षरांच्या रांगेत खाली मान घालून बसायला हवं होतं. रजनी दाराशी उभी होती, पिशवी खांद्याला, तिथूनच स्टेशनला जायला निघालेली. माझ्याकडे बघत राहिली.

मी पुन्हा चौकोन घेऊन बसले. गोलांच्या आतले ठिपके खोडले. वरची रेघ शेजारच्या 'सा'च्या रेघेला मिळेना, ती एक ठिपका खाली आणली. छापलं. ठोंबरे साहेबांनी भिंग लावलं, "जोड अजून भरला आहे," म्हणाले. जोड सोडवला. छापलं. "आता डावा गोल उजव्यापेक्षा मोठा." बरोबर होतं त्यांचं. दर वेळी बरोबर होतं. प्लांटातल्या लोकांनी या माणसाला किती शिव्या घातल्या असतील आणि माल परत येण्यापासून किती वेळा वाचले असतील, याचा मला अंदाज आला. शेवटी त्यांनी काळे नावाच्या मुलीचं, अजून 'काले' छापलेलं प्रमाणपत्र आणि रजनीचं शेजारी शेजारी धरलं, भिंग खाली ठेवलं, आणि पेनचं टोपण काढलं.

सही वाळायच्या आत रजनीने कागद पुठ्ठ्यात घातला. जाता जाता फुलेश्वरीने तिच्या हातात एक पुडी कोंबली. "रस्ता मा खा लेबे, साळी." छत्तीसगढी जिभेवर तो ळ थोडा अडखळला, थोडा 'साडी'कडे झुकला, पण साली झाला नाही.

कार्यक्रमाची बाकीची प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी छापली. त्यात काळे काळे झाल्या, मुळे मुळे झाल्या. त्या ठिपक्यांची फ्लॉपी नंतर दुर्ग-भिलाईत अजून दोन-तीन ठिकाणी गेली, जिथे तो जुना साहेब अजून कामावर आहे. मी तिला कुलूप लावलेलं नाही, ज्याला हवी त्याने न्यावी. आता ऐकते, संस्था नवं यंत्र घेणार. विकायला आलेल्या तरुणाला मी विचारलं, "यात ळ आहे का?" तो म्हणाला, "वो क्या होता है, मैडम?" मी त्याला बसवून घेतलं आणि कागदावर दोन डोळे काढून दाखवले. यंत्रं बदलतील, बदलावीतही. पण दर नव्या यंत्राबरोबर आम्ही आमचं नाव नव्याने मागायला उभं राहायचं, हे मला मान्य नाही. दिवाळी अंकातसुद्धा मान्य नाही.

रजनी पुढच्या आठवड्यात दुकानात आली. मी सोल्डरिंग करत होते, तसाच तो गरम दांडा हातात धरून विचारलं, "काय झालं?"

"झालं ताई. लागली."

"कागद पाहिला त्यांनी?"

"पाहिला तं. दाखला इकडे ठेवला, हा तिकडे ठेवला. नावावर बोट फिरवलं." तिने हाताने तो बाबू करून दाखवला, चष्मा नाकावर, चेहरा कंटाळलेला. "अन् शिक्का मारला. वर पाह्यलं बी नाई."

"मग काय म्हणाला?"

"काईच नाई. साळी रजनी, बसा, म्हनला. पुढच्याचं नाव घेतलं. आख्ख्या हॉलमधून कोनी हसलं नाई ताई."

"मग?"

"मंग काय. मीच हसली."